समान वजनाचे दोन कोट

माझ्या बाबांनी एकदा माझ्यापेक्षा माझ्या मोठ्या भावाला जास्त दिलं.

असं काही घडलेलं नाही. आमच्या घरात कोणालाही विचारा. आई शपथेवर सांगेल, भाऊ अश्दोदहून फोनवर सांगेल, आणि मी तर इथे लेखी सांगतो आहे. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा आणि त्या शुक्रवारी दुपारी अलिबागेत आमच्या दुकानात या.

एली आरशासमोर उभा होता आणि श्वास घेत नव्हता.

"सोड आता," बाबा म्हणाले.

"सोडला तर बटण जाईल."

"बटण मी लावलंय. जात नाही."

एलीने श्वास सोडला. बटण गेलं. ते आधी आरशावर आपटलं, तिथून मशीनच्या चाकावर, आणि तिथून माझ्या खिशात येऊन पडलं. यात माझं कौशल्य काही नाही. माझ्या कोटाला खिसेच इतके होते की दुकानात काहीही उडालं तरी त्यातल्या एखाद्यात पडण्याचीच शक्यता दाट होती.

एली म्हणजे एलिझर, माझा थोरला भाऊ. रविवारी त्याचं लग्न होतं. मुलगी आमच्यातलीच, शोशाना, मूळ घराणं पेणचं, पण जन्म इस्राएलमधला. लग्न झालं की आठवड्याभरात एली तिच्यासोबत तिकडे अश्दोदला जाणार होता. तिथल्या बंदरात नोकरी ठरली होती. परत कधी येणार, हे कोणी विचारत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

एली अंगाने आमच्या सिनेगॉगच्या दारासारखा. उंच, रुंद, आणि शनिवारी सकाळी उघडायला जड. मी त्याच दाराची कडी. आणि आम्हा दोघांसाठी बाबांनी एकाच मोतिया रंगाच्या लोकरी कापडातून लग्नाचे कोट शिवले होते, दोन्ही अगदी समान वजनाचे. म्हणजे काय झालं ते सांगायला नको. एलीचा कोट त्याला मिठी मारल्यासारखा बसला होता, फक्त मिठी पुढून पूर्ण होत नव्हती. माझ्या कोटात उरलेलं कापड बाबांनी जिथे जमेल तिथे जिरवलं होतं. बाहेर खिसे, आत खिसे, एका खिशाच्या आत एक खिसा, पाठीला पट्टा, आणि कॉलर अशी की मान वळवली की कान झाकला जाई.

"बाबा, हा मला होत नाही," एली म्हणाला.

"होतो. तू श्वास जास्त घेतोस."

"माणूस घेतो तेवढाच घेतो!"

"शिमू बघ किती कमी घेतो."

शिमू म्हणजे मी. मी लगेच श्वास कमी केला, कारण कौतुक आमच्या घरात क्वचित मिळायचं, आणि मिळालं तर अर्धं एलीला द्यावं लागायचं.

याचं मूळ एका कीर्तनात आहे. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पूर्वजांचं गलबत फुटलं, ते किनाऱ्याला लागले, पोटासाठी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. पुढे घाणा गेला, तेलाचा तराजू मात्र आमच्या घरात राहिला. आमच्यात शास्त्रातल्या कथांची मराठीत कीर्तनं होत. बाबा तरुण असताना त्यांचे दोस्त नहूमकाका कीर्तनाला उभे राहिले आणि त्यांनी योसेफाचं आख्यान लावलं. म्हातारा याकोब, त्याचे बारा मुलगे, त्यात योसेफ लाडका. बापाने त्याला एकट्याला भारी अंगरखा दिला. भाऊ जळले, त्यांनी त्याला विकून टाकलं, तो मिसरात, म्हणजे इजिप्तात गेला. मागोमाग दुष्काळ पडला आणि सगळं कुटुंबच मिसरात गेलं, आणि पुढे आख्खी जमात तिथे गुलाम होऊन विटा थापत बसली. इथे नहूमकाकांनी झांज थांबवली आणि सांगितलं, आपले जुने भाष्यकार काय म्हणतात ऐका. हे सगळं रामायण झालं ते फक्त दोन नाण्यांच्या वजनाच्या कापडावरून. तेवढंच योसेफाला भावांपेक्षा जास्त मिळालं होतं. म्हणून बापाने लेकरांत डावं-उजवं करू नये.

मंडळी हळहळली, मलिदा खाऊन घरी गेली. पण बाबा पडले शिंपी. त्यांनी ते धंद्याच्या अंगाने घेतलं.

"एवढी मोठी जमात गुलाम झाली," ते पुढे जन्मभर सांगायचे, "आणि चूक कसली? कटिंगची."

मग आम्ही जन्मलो आणि तराजू माळ्यावरून खाली आला. तो कापडाच्या टेबलावर टांगलेला असे. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, झिराडकर टेलर्समध्ये शर्ट किलोवर शिवून मिळतो. पण तराजू फक्त आम्हा दोघांसाठी होता. सणाचा हलवा तराजूत. मटण तराजूत, हाडासकट, आणि हाड एकाच्या वाट्याला जास्त गेलं तर दुसऱ्याला भरपाईचं हाड. शर्टाचं कापड तराजूत. एलीला टायफॉइड झाला तेव्हा मलाही कपाळावर ओली पट्टी घालून शेजारी निजवलं. मार तेवढा वजनात मोजता येत नाही म्हणून तो नगावर मिळायचा. एकाने काच फोडली की दोघांना एकेक. आम्ही लहानपणीच ठरवून टाकलं होतं की काच पाळीपाळीने फोडायची.

आईचं नाव रिबका. शास्त्रातल्या रिबकेने धाकट्यासाठी आंधळ्या नवऱ्यालाच फसवलं होतं, त्यामुळे बाबा आईवर कायम बारीक लक्ष ठेवून असत. ती पोळ्या वाढायला आली की ते पोळ्यांकडे बघायचे.

तर तो शुक्रवार. सूर्य बुडाला की शब्बाथ लागणार, आणि शब्बाथ लागला की शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत आमच्यात सुईला हात लावत नाहीत. शनिवारी चांदण्या दिसल्या की लगेच मेंदी. म्हणजे कोटाचं जे काय व्हायचं ते आता, उन्हं उतरायच्या आत.

एलीने कोट काढून टेबलावर ठेवला. नीट घडी घालून. एली रागावला की फार व्यवस्थित होतो.

"बाबा, याच्या कोटाला किती खिसे आहेत?"

"ते महत्त्वाचं नाही. वजन सारखं आहे. चढवून दाखवू तराजूत?"

"शिमू, त्या डाव्या खिशातला आतला खिसा उलटा कर."

मी केला. हातभर लांब बाहेर आला.

"ही माझी बाही आहे," एली म्हणाला. "याच्या खिशात माझी बाही आहे, बाबा. लहानपणापासून माझे शर्ट काखेत फाटायचे आणि याचे गुडघ्यापर्यंत यायचे. शाळेत याला सगळे मौलवी म्हणायचे."

"मला आवडायचं ते," मी म्हणालो. "मान मिळायचा."

"तू गप रे! बाबा, मला याच्यापेक्षा जास्त नकोय. मला पुरेल एवढं हवंय."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुला पुरेल एवढं म्हणजे याच्यापेक्षा जास्तच की."

"मग असू दे जास्त!"

"म्हणूनच ते मिसरात गेले."

"मी अश्दोदला चाललोय!"

"रस्ता तोच आहे," बाबा म्हणाले.

नकाशात पाहिलं तर हे फारसं खोटंही नव्हतं. एलीने दोन्ही हात टेबलावर टेकले. टेबल करकरलं.

"ठीक आहे. बाजारात जातो. रेडीमेड घेतो."

शिंप्याच्या पोराने रेडीमेड कोट घालून लग्नाला उभं राहणं म्हणजे काय, ते शिंप्याच्या घरातच कळतं. कसायाच्या पोराने लग्नात भेंडी वाढावी तसं. आई मागच्या दारातून डोकावली आणि पुन्हा आत गेली. बाबांचा चेहरा अस्तरासारखा पांढरा पडला. पण ते हलले नाहीत.

तेवढ्यात दारात नहूमकाका आले. हात उंचावून चौकटीवरल्या मेझुझाला, म्हणजे शास्त्रवचनाच्या डबीला, बोटं लावली, बोटांचं चुंबन घेतलं, आणि म्हणाले, "नवरदेव तयार आहे ना? उद्या मेंदीला कुठलं गाणं आधी घ्यायचं ते..." मग त्यांनी आमची तोंडं पाहिली. "कोण गेलं?"

"बटण," मी म्हणालो.

एलीने त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. नहूमकाका हे आमच्या आळीचं उच्च न्यायालय. ऐकता ऐकता त्यांनी माझ्या कोटाचे खिसे तपासले. एकात त्यांचा हात कोपरापर्यंत गेला.

"शालोम," त्यांनी बाबांना नावाने हाक मारली, "हे काय केलंस रे?"

"तूच सांगितलंस!"

"मी?"

"भर कीर्तनात. दोन नाण्यांच्या वजनाचं कापड. लेकरांत डावं-उजवं करू नये."

"अरे, मी कीर्तनात समुद्रसुद्धा दुभंगतो. म्हणून तू मांडव्याला जाऊन खाडीत चालत जातोस का?"

"भाष्यकार खोटं बोलले म्हणतोस?"

"ते खरंच बोलले. पण ते शिंपी नव्हते, तू आहेस. त्यांनी वजन सांगितलं. अंग बघायला तुला डोळे होते ना?"

बाबा आता हट्टाला पेटले. त्यांनी स्टूल ओढलं आणि नहूमकाकांसमोर बसले. "बरं, मग हे सांग. याकोबाला एवढी अद्दल घडली. लाडका पोरगा डोळ्यांदेखत गेला, कित्येक वर्षं रडला. आणि म्हातारपणी काय केलंन? योसेफाची दोन पोरं आशीर्वादाला पुढे आणली, तर पुन्हा तेच! हात फुलीसारखे आडवे टाकून उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर. थोरल्याला डावा. योसेफ तर ओरडलाच की बाबा, हात चुकला. म्हातारा म्हणतो, ठाऊक आहे मला. ठाऊक आहे काय? अक्कलच आली नाही म्हाताऱ्याला. मला आली."

नहूमकाकांनी दाढी खाजवली. ते दाढी खाजवायला लागले की आळीतली माणसं वादातून माघार घेतात, कारण पुढे लांब काहीतरी येतं. पण या वेळी लांब आलं नाही.

"त्याच्यावर मोठमोठ्यांनी पुष्कळ लिहिलंय," ते म्हणाले. "मला त्यातलं सगळं कळतं असं नाही. मला एवढंच दिसतं की तेव्हा म्हातारा आंधळा झाला होता. ज्याला दिसत नाही त्याला हात लावूनच बघावं लागतं, पोरं केवढी झाली ते. आणि हात म्हटले की एक उजवा असतो, एक डावा. देवाने दोन उजवे कोणालाच दिले नाहीत. पण त्याने दोघांना हात लावला, शालोम. तू लावतोस?"

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

हे आळीत सगळ्यांना माहीत होतं, पण आजवर कोणी काढलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी बाकीच्या घरांत बाप पोरांना जवळ घेतो, डोक्यावर हात ठेवतो, आशीर्वाद म्हणतो. आमच्या घरात बाबा दाराजवळ उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि आशीर्वाद हवेत सोडायचे. आम्ही भिंतीला लागून समान अंतरावर उभे. कोणाला किती लागतो ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांकडे असंच असतं. मग एकदा मित्राच्या घरी गेलो आणि त्याच्या वडिलांनी माझ्याही डोक्यावर हात ठेवला, तर मी दचकून टेबलाखाली गेलो.

"आधी कोणाच्या डोक्यावर ठेवू?" बाबा हळूच म्हणाले. "सांग ना. ज्याच्यावर आधी ठेवला त्याला जास्त झालं. दोघांवर एकदम ठेवला तर उजवा कोणाला?"

"कोणालाही!"

"कोणालाही म्हणजे कोणाला?"

नहूमकाका उठले. "तुझ्याशी बोलण्यापेक्षा समुद्र दुभंगणं सोपं आहे," म्हणाले, आणि दाराला बोटं लावून निघून गेले. गाणं कुठलं घ्यायचं ते ठरायचं राहूनच गेलं.

दुकानात आम्ही तिघे. उन्हं टेबलाच्या कडेपर्यंत आली होती. मला वाटलं, आता एली ओरडेल, टेबल उलटं करेल. टेबल उलटं केलं तर तराजूही पडेल, आणि मग दुरुस्ती आम्हा दोघांकडून समान वसूल होईल, असा माझा अंदाज होता.

एलीने काही केलं नाही. त्याने उडालेलं बटण माझ्या खिशातून काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं.

"असू दे, बाबा," तो म्हणाला. "मी शर्टवर उभा राहतो. तिथे तसंही गरम होतं. कोट कोण घालणार?" आणि मग, अगदी सहज, "मशीन आवाज करतंय. जायच्या आधी तेल घालून ठेवतो."

तेलाच्या डबीकडे गेलेला त्याचा हात बाबांनी धरला.

मी इतक्या वर्षांत बाबांना एलीचा हात धरताना पाहिलं नव्हतं. एलीनेही नसावं, कारण तो हाताकडे बघत राहिला, कोणाचा आहे हे न कळल्यासारखा.

"तेल नको घालू," बाबा म्हणाले.

"बरं."

"तेल घालू नको मशीनला!"

"नाही घालत, बाबा. काय झालं?"

बाबांनी त्याचा हात सोडला आणि माझ्याकडे वळले. "शिमू, कोट काढ."

मी काढला. बाबांनी तो टेबलावर पालथा टाकला, ब्लेड घेतलं आणि पाठीची शिवण उसवायला लागले. टाके टराटरा तुटत होते. बाबा मान वर न करता बोलत होते. कोणाशी ते कळत नव्हतं, बहुधा कोटाशी.

"ओबेद माझा थोरला. तुमचा काका. हे दुकान त्याला मिळायला हवं होतं. हात त्याचा चांगला होता. बापाने मला दिलं. का दिलं? मी आवडता. बस्. ओबेदला इस्राएलचं तिकीट काढून दिलं. म्हटलं, आता भांडेल. मी तयार होतो. भांडला असता तर अर्धं देऊन टाकलं असतं. तर हा भांडलाच नाही. निघायच्या दिवशी खाली आला, मशीनला तेल घातलंन, म्हणाला, सुई अधूनमधून वाकते, बघ. आणि गेला. मग पत्र नाही, काही नाही. अजून सुई वाकते."

आमचे एक काका इस्राएलमध्ये आहेत एवढंच आम्हाला ठाऊक होतं. घरात त्यांचा फोटो नव्हता. मला नेहमी वाटायचं की बाबांना योसेफाच्या भावांची भीती वाटते. त्या दुपारी कळलं की दुकानात बसलेला योसेफच होता.

माझा कोट उघडा पडला. बाह्या, पाठ, आणि खिसेच खिसे. बाबांनी ते सगळे तुकडे हाताने सपाट केले. तराजूकडे पाहिलंसुद्धा नाही. खुंटीवरची टेप काढून गळ्यात टाकली.

"एली, हात वर कर."

"कशाला?"

"माप घ्यायला. शिंप्याकडे कधी आला नाहीस का?"

आला नव्हता. आमचं माप बाबांनी कधी घेतलंच नव्हतं. ज्याला वजनावर कापायचं त्याचं माप कशाला? आख्ख्या अलिबागेची छाती बाबांना तोंडपाठ होती. आम्हा दोघांची नव्हती.

एलीने हात वर केले. मी खडू घेऊन टेबलाशी उभा राहिलो, कारण बाबा आकडा बोलणार आणि पोऱ्याने तो टेबलावर लिहायचा ही पद्धत.

"खांदा," बाबा म्हणाले, आणि आकडा सांगितला. मी लिहिला.

"बाही." लिहिली.

"छाती."

छातीच्या मापाला टेप पाठीमागून पुढे आणावी लागते. बाबा ठेंगणे, एली दार. बाबांनी दोन्ही हात त्याच्या बगलांखालून घातले, पाठीमागे टेपचं टोक पकडायला गेले आणि ते हाती लागेना. त्यांचा गाल एलीच्या छातीला टेकला होता. चष्मा वाकडा झाला होता. पाठीमागे त्यांची बोटं टेप शोधत होती. मला ती दिसत होती. टेप बोटांना लागत होती, तरी ती शोधत होती.

"बाबा, आकडा?" मी विचारलं.

"थांब."

मी थांबलो. बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"बाबा, गुदगुल्या होतायत," एली म्हणाला.

"हलू नकोस. चुकेल."

शेवटी टेप पुढे आली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि न बोलता परत सोडली, आणि पुन्हा हात मागे घातले. चाळीस वर्षं मापं घेणारा कारागीर, आणि एक छाती त्याला पुन्हा पुन्हा मोजावी लागली. आकडा त्यांनी सांगितलाच नाही. टेबलावर मी नुसतं "छाती" लिहून ठेवलं आणि पुढे रेघ ओढली.

मग मात्र बाबा सुटले. माझ्या पाठीतून पट्टी, खिशातून बगलेचा तुकडा, कॉलरमधून आणखी काही. खडू, कात्री, टाचण्या. एली हात वर करूनच उभा होता, खाली करायचे हे विसरून. उन्हं टेबलावरून भिंतीवर गेली, भिंतीवरून वर चढली. कोट एलीच्या अंगावर कच्च्या टाक्यांनी जोडला गेला आणि पुढून, बटणाशिवाय, आपोआप मिटला.

"घे श्वास," बाबा म्हणाले.

एलीने घेतला. पोटभर. कोट नुसता वर आला आणि खाली गेला.

मग बाबा माझ्याकडे वळले. माझ्या कोटाचा टेबलावर जो काय उरला होता तो एका गरीब बनियनएवढा होता. बाबांनी तो उचलून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, गळ्यातली टेप हातात घेतली.

"ये, शिमू. हात वर कर."

मी गेलो. हात वर केले. बाबांनी टेप ताणली. त्यांच्या अंगाला खडूचा आणि इस्त्रीचा वास येत होता.

"अहो!" आतून आईने हाक मारली. "दिवा लावतेय मी!"

आणि लावला. तेलाच्या ग्लासात वात पेटल्याचा उजेड मधल्या दारातून दुकानाच्या फरशीवर आला. शब्बाथ लागला. काम बंद.

बाबांचे हात टेपसकट हवेत, माझेही हवेत. आम्ही दोघे असे उभे होतो की बघणाऱ्याला वाटलं असतं, कोणीतरी दरोडा घातलाय. बाबांनी टेप गुंडाळली आणि खुंटीला अडकवली.

"रविवारनंतर," ते म्हणाले.

मग ते नेहमीसारखे दारात जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि आशीर्वाद हवेत सोडला. मी आणि एली भिंतीला लागून, समान अंतरावर. त्या दिवशी एलीला जास्त लागला असावा, कारण तो सारखा खाली बघत होता.

पक्के टाके बाबांनी रविवारी सकाळी घातले. एली कोटात लग्नाला उभा राहिला आणि इतका छान दिसला की शोशानाच्या घरच्यांनी कोणाकडून शिवला ते विचारलं. मी बिनबाह्यांचं काहीतरी घालून गेलो होतो. विचारणाऱ्यांना सांगितलं, ही तिकडची फॅशन आहे. त्यावर मांडवातल्या तिघांनी ती शिवून मागितली. आईने येईल त्याला आपणहून सांगितलं, "दोघांना सारखंच दिलंय हो. वजन करून." बाबा शेजारीच होते. ते छताकडे बघत होते.

एली गेला. जाताना मशीनला तेल घातलं नाही. पोहोचल्यावर लगेच फोन केला, मग दर शुक्रवारी दुपारी करत राहिला, आणि बाबांशी दर वेळी भांडायचा. तिकडच्या शिंप्यांवरून, पावाच्या किमतीवरून, कशावरूनही. बाबा फोन ठेवून हसत दुकानात यायचे.

रविवारनंतर बरेच रविवार आले. एकदोनदा बाबांनी खुंटीवरची टेप काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाबा, गिऱ्हाईक आलंय." कधी खरंच आलेलं असायचं. माझं माप घेतलं असतं तर दोन्ही पारडी पुन्हा सारखी झाली असती, आणि एलीकडे या जगात एकच गोष्ट होती जी माझ्याकडे नव्हती. बाबांना हे कळलं होतं की नाही, ठाऊक नाही. पण तेही मग आग्रह करत नसत. टेप गळ्यात टाकून गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे, माझ्या शेजारी.

गेल्या वर्षी बाबा गेले. आमच्यात दफन लगेच करतात, एलीला पोहोचता आलं नाही. त्या रात्री त्याचा फोन आला. दफन कसं झालं ते मी सांगितलं. मग तो म्हणाला, "शिमू, एक खरं सांगशील?"

"विचार."

"मी गेल्यावर बाबांनी तुझंही माप घेतलं होतं ना?"

"घेतलं की. सोमवारीच. खांदा, बाही, सगळं."

"छाती?"

"छाती पण."

त्याने मोठा श्वास सोडला. अश्दोदहून इथपर्यंत ऐकू आला.

"मला इतकी वर्षं वाटत होतं..." तो म्हणाला. "बरं झालं. म्हणजे सारखंच दिलं आपल्याला."

"सारखंच," मी म्हणालो.

सबब संबंधितांस विनंती करण्यात येते की, अर्जदार शिमू झिराडकर याच्या छातीचे माप, अर्जदार समक्ष हजर असताना, एकवार टेपने घेण्यात यावे. त्याकामी अर्जदार हात वर करून उभा राहण्यास तयार आहे. माप पूर्ण होण्यास लागेल तितका वेळ लावण्यास अर्जदाराची हरकत नाही. मापाचा आकडा कळविण्याची आवश्यकता नाही.